सातारा-सांगलीतून सिव्हिलमध्ये एम.टेक.: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी झाल्यावर एम.टेक. करायचे ठरवणारे बहुतेक विद्यार्थी चौकशीला सुरुवात करतात ती जूनमध्ये, म्हणजे शेवटच्या सत्राचा निकाल हातात आल्यावर. तोपर्यंत गेट या एम.टेक. प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपून आठ-नऊ महिने झालेले असतात आणि नव्या आर्थिक वर्षाचे नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र काढण्यासाठी सेतू केंद्रात गर्दी उसळलेली असते. म्हणून ही माहिती मुख्यतः पदवीच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नोकरी करता करता पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठीचा भाग स्वतंत्रपणे दिला आहे.

या दोन जिल्ह्यांत सिव्हिलच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय जुनी आणि चांगली आहे. सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे आणि वाळवा तालुक्यातील साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ ची. तिन्ही ठिकाणी संरचना अभियांत्रिकी, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले ‘स्ट्रक्चरल’, शिकवले जाते. वालचंदमध्ये पर्यावरण अभियांत्रिकीचाही अभ्यासक्रम आहे. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या शाखेच्या किती जागा आहेत हे दरवर्षी बदलू शकते, त्यामुळे त्या वर्षीचा अधिकृत जागांचा तक्ता पाहिल्याशिवाय पसंतीक्रम ठरवू नये.

शाखा निवडताना केवळ ‘स्ट्रक्चरलला मागणी आहे’ एवढे ऐकून निर्णय घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. आपल्या भागात सिव्हिलचे जवळजवळ सगळेच प्रश्न डोळ्यांसमोर आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने धरण, जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाकडे जगभरच्या अभियंत्यांचे लक्ष वेधले. संरचनांचे गतिशास्त्र आणि भूकंपरोधक रचना हे विषय पाटण-कराडच्या विद्यार्थ्यासाठी केवळ क्रमिक पुस्तकातले राहत नाहीत. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा आणि पंचेचाळीस फुटांवर गेली की धोका, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या विद्यार्थ्याला जलविज्ञान किंवा जलसंपदा अभियांत्रिकी का शिकावी, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. आणि त्याच दोन जिल्ह्यांच्या पूर्व भागात, माण, खटाव, आटपाडी, जत येथे, टेंभू आणि म्हैसाळच्या उपसा योजनांतून पाणी वर चढवावे लागते. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायची वेळ येते, तेव्हा अशा प्रश्नांपैकी एखादा आधीपासून मनात असेल तर मार्गदर्शक मिळणेही सोपे जाते.

पात्रता

एम.ई. किंवा एम.टेक. हा चार सत्रांचा, दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी उमेदवार भारतीय नागरिक असावा, त्याने मान्यताप्राप्त संस्थेतून संबंधित शाखेची चार वर्षांची (पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला असल्यास तीन वर्षांची) पदवी किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण केलेली असावी, आणि गेटमध्ये शून्यापेक्षा अधिक स्कोअर मिळवलेला असावा. महाराष्ट्रातील मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांसाठी गुणांची अट ४५ टक्के आहे. ज्या विद्यापीठांत टक्केवारीऐवजी सीजीपीए दिला जातो, तेथील विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त महाविद्यालयाच्या सूत्रानुसार केलेल्या रूपांतराचे प्रमाणपत्र घ्यावे. स्वतः दहाने गुणून आकडा लिहू नये, कारण प्रत्येक संस्थेचे सूत्र वेगळे असते आणि छाननीत पहिली त्रुटी निघते ती बहुधा येथेच.

गेट दिलेली नसेल तर दार पूर्ण बंद होत नाही. गेटधारकांना जागा दिल्यानंतर रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी बिगर-गेट उमेदवारांचा विचार होतो आणि त्यांचा क्रम पदवीच्या गुणांवर ठरतो. तरीही मी कोणालाही या वाटेचा भरवसा धरायला सांगणार नाही. कारण पुढे येणाऱ्या दरमहा विद्यावेतनाचा हक्क गेटशिवाय मिळत नाही, आणि दोन वर्षांचा हिशेब मांडला तर ती रक्कम तीन लाखांच्या जवळ जाते.

गेट: एक वर्ष आधीचे पाऊल

ही परीक्षा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी आळीपाळीने घेतात. अर्ज साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत होते आणि निकाल मार्चमध्ये लागतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा विद्यार्थीही परीक्षेला बसू शकतो आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर तिसऱ्या वर्षीच एकदा परीक्षा देऊन पाहणे शहाणपणाचे ठरते: चांगला स्कोअर आला तर तोच चौथ्या वर्षानंतर वापरता येतो, आणि नाही आला तरी पुढच्या प्रयत्नाची दिशा कळते.

सिव्हिलच्या प्रश्नपत्रिकेचे संकेतचिन्ह ‘सीई’ आहे. तीन तासांत ६५ प्रश्न आणि एकूण १०० गुण असतात, त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे, १३ अभियांत्रिकी गणिताचे आणि उरलेले ७२ मूळ विषयाचे. एकच अचूक पर्याय असलेल्या प्रश्नांना चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या आणि संख्या लिहायच्या प्रश्नांना ही वजावट नाही. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो, म्हणून सराव करतानाही तोच वापरावा. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग उमेदवार यांना शुल्कात सवलत आहे. अर्जातील नाव परीक्षेला न्यायच्या छायाचित्र ओळखपत्राप्रमाणे अक्षरशः तसेच लिहावे.

राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया

गेटचा निकाल लागला म्हणजे अर्ज झाला, असा समज पुष्कळांचा असतो. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, स्वतंत्र केंद्रीभूत प्रक्रिया राबवते; तिलाच सगळे ‘कॅप’ म्हणतात. तिची सूचना उन्हाळा संपता संपता निघते. प्रथम संकेतस्थळावर नोंदणी करून कागदपत्रे स्कॅन करून चढवायची आणि शुल्क भरायचे. त्यानंतर छाननी होते. ती ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष, अशा दोन्ही प्रकारे करून घेता येते. कागद चढवायला घरी चांगले इंटरनेट नसेल किंवा एखाद्या प्रमाणपत्राबद्दल शंका असेल, तर प्रत्यक्ष केंद्रावर जाणे बरे. तेथील कर्मचारी समोरासमोर त्रुटी सांगतात.

छाननीनंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. ही यादी वाचताना आपला क्रमांक पाहून थांबू नये. नाव, प्रवर्ग, गेट स्कोअर, उमेदवारीचा प्रकार हे सर्व रकाने तपासावेत, कारण तक्रार नोंदवण्यासाठी मोजकेच दिवस असतात आणि अंतिम यादीनंतर दुरुस्ती होत नाही. मग जागांचा तक्ता प्रसिद्ध होतो, पसंतीक्रम भरला जातो आणि फेरीनिहाय वाटप होते. पसंतीक्रमात पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली तर ती आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांत सहभाग राहत नाही. म्हणून पहिल्या ओळीत तेच महाविद्यालय आणि तीच शाखा लिहावी, जी मिळाल्यावर मागे वळून पाहावेसे वाटणार नाही. वाटप झालेली जागा स्वीकारण्यासाठी लॉगिनमधून स्वतः पडताळणी करून स्वीकृती शुल्क भरावे लागते, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात मूळ कागदांसह हजर राहावे लागते. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिक्त जागा संस्थास्तरावर भरल्या जातात, मात्र तेथे घेतलेल्या प्रवेशाला राज्याच्या बहुतेक शुल्कसवलती लागू होत नाहीत.

कागदपत्रे

दहावी आणि बारावी किंवा पदविकेच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, सीजीपीए रूपांतराचे प्रमाणपत्र, गेटचे स्कोअरकार्ड, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हे सर्वांना लागते. पदवीनंतर एक-दोन वर्षे गेली असतील तर शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पदवीचे विद्यापीठ नव्या महाविद्यालयाच्या विद्यापीठाहून वेगळे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जवळ ठेवावे.

खरा वेळ जातो तो आरक्षणाशी संबंधित कागदांत. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला आपण सरळ ‘व्हॅलिडिटी’ म्हणतो, हे बहुतेकांनी बी.ई. किंवा बी.टेक.च्या प्रवेशावेळी काढलेले असते आणि तेच चालते. ज्यांनी पदवीचा प्रवेश खुल्या प्रवर्गातून किंवा ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून, घेतला आणि आता राखीव प्रवर्गातून अर्ज करायचा आहे, त्यांच्यासाठी मात्र हे काम नव्याने उभे राहते. २०२४ च्या कायद्यानंतर एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, प्रवर्गात येणारे कितीतरी विद्यार्थी याच स्थितीत आहेत. वैधतेसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करताना वडिलांकडील रक्तनात्यातील व्यक्तींच्या शाळेच्या किंवा महसुली नोंदी जोडाव्या लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची नोंद असेल तर काम सुलभ होते. आजोबांच्या शाळेचा उतारा मिळवायला मूळ गावी दोन-तीन खेपा होतात. कोयनेच्या जलाशयात ज्यांचे मूळ गाव गेले अशा कुटुंबांना जुनी नोंद शोधायला आणखी वेळ लागू शकतो. म्हणून हा अर्ज चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावा.

नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर सर्व मागास प्रवर्गांना लागते आणि ते प्रवेशाच्या आर्थिक वर्षात, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत, वैध असले पाहिजे. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रही त्याच वर्षाचे हवे. दोन्ही आपले सरकार सेवा केंद्रामार्फत मिळतात. एप्रिलमध्येच अर्ज केल्यास जूनची रांग टळते. नोंदणीच्या वेळी अर्जाची पावती चालली तरी मूळ प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत सादर झाले नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो.

नोकरी करणाऱ्यांसाठी

नोंदणीकृत कंपनी, शासकीय विभाग किंवा शैक्षणिक संस्थेत पदवीनंतर किमान दोन वर्षे पूर्णवेळ काम केलेल्यांना प्रायोजित उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी नियोक्त्याचे विहित नमुन्यातील प्रायोजन पत्र, अनुभवाचा दाखला आणि अभ्यासकाळात सेवेतून मोकळे करण्याची हमी लागते. गेटची अट येथे नाही, परंतु विद्यावेतनही नाही. जलसंपदा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागातील अभियंत्यांनी आधी अध्ययन रजेची मंजुरी घ्यावी आणि मगच अर्ज करावा.

विद्यावेतन आणि शुल्कसवलत

गेट उत्तीर्ण होऊन अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या महाविद्यालयात, मंजूर प्रवेशक्षमतेच्या आत पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. प्रवेशानंतर महाविद्यालय परिषदेच्या पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंद करते आणि मग विद्यार्थ्याने स्वतः माहिती भरायची असते. बँक खाते स्वतःच्या एकट्याच्या नावे, आधारशी जोडलेले आणि साधे बचत खाते असावे. संयुक्त खाते किंवा शून्य शिलकीचे जनधन खाते चालत नाही. आठवड्यातून आठ ते दहा तास अध्यापन किंवा संशोधनातील मदतीचे काम अपेक्षित असते आणि या काळात दुसरीकडे पगारी नोकरी करता येत नाही.

शुल्काची सवलत राज्याकडून महाडीबीटी पोर्टलवर मिळते. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला या सर्वांना लागतो, तो नॉन-क्रिमीलेयरच्या अर्जाबरोबरच काढून घ्यावा.

गेटच्या चांगल्या स्कोअरवर बाहेर जाण्याचा विचार असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की आयआयटींना प्रत्येकी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि त्यांचे प्रस्ताव ‘कोॲप’ या सामाईक पोर्टलवर स्वीकारले जातात, तर एनआयटींचे समुपदेशन ‘सीसीएमटी’मधून होते. या दोन्ही प्रक्रिया राज्याच्या कॅपच्या आधी सुरू होतात. तेथील निकालाची वाट पाहताना कॅपची नोंदणी मात्र सोडू नये. येथे घेतलेला प्रवेश जाहीर केलेल्या अंतिम तारखेपूर्वी ऑनलाइन रद्द केला तर एक हजार रुपये वजा जाता शुल्क परत मिळते, आणि त्या तारखेनंतर रद्द केल्यास मिळत नाही.