काळ्या बॉनेटवरचं जाळं

मामांची काळी गाडी रत्नागिरीच्या उन्हात उभी असली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसतं. आपण दोन पावलं सरकलो की जाळंही सरकतं. प्रत्यक्षात तिथे गोल ओरखडे नसतात. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यातले जे प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेने पडलेत, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात.

मामा रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसतात, आणि आमच्याकडची धूळ जांभ्याची. तिचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडांचा, आणि त्यांचे कण रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा बरेच कठीण. नवल असं की दागिने उजळायला वापरतात त्या ‘रूज’ नावाच्या लाल पुडीतही लोहाचं ऑक्साइडच असतं. फरक कणांच्या आकाराचा. पॉलिश म्हणजेही घासणंच, फक्त इतकं बारीक की उरलेला ओरखडा नजरेला सापडत नाही.

म्हणून पॉलिश करायचं मशीन घेण्याआधी आपल्या हातात घासायला किती आहे ते बघावं. पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. त्याच थरात ऊन अडवणारी द्रव्यं असतात. दर रबिंगला, म्हणजे पॉलिशच्या दर घासणीला, त्यातले थोडे मायक्रॉन जातात ते कायमचे. नख अडकेल इतका खोल चरा पॉलिशने घालवण्याच्या नादी लागू नये.

गॅरेजमध्ये दिसतं ते बहुधा रोटरी मशीन. त्याचं पॅड एकाच आसाभोवती फिरतं. १५० मिलिमीटरचं पॅड मिनिटाला १५०० फेऱ्या मारत असेल, तर त्याची कड सेकंदाला जवळजवळ १२ मीटर धावते, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या वर. मधोमध मात्र वेग शून्य. हात जरा तिरका झाला की सगळी उष्णता एका पट्ट्यात साठते. आमच्या आधीच्या गाडीच्या बॉनेटची धार अशीच गेली होती. चवळीच्या दाण्याएवढा करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, उघडा पडला, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे गंज धरला. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो. प्लास्टिकच्या बंपरवर तर आणखी जपावं, कारण पत्र्यासारखी उष्णता पसरवणं प्लास्टिकला जमत नाही.

घरच्या माणसाने ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय मधल्या आसाभोवती छोटा फेरा घेतं, त्यामुळे पॅडचा प्रत्येक बिंदू फुलाच्या पाकळ्यांसारखी वाट काढतो. घर्षण एकाच रेषेवर न साचता विखुरतं. या फेऱ्याच्या व्यासाला ‘थ्रो’ म्हणतात: ८, १५, २१ मिलिमीटर असे ठरीव आकार मिळतात. २१ चं मशीन सपाट छपरावर भराभर काम उरकतं, पण वळणावर पॅडचं फिरणं थांबतं आणि नुसती थरथर उरते. आपल्या छोट्या गाड्या वळणांनी भरलेल्या. म्हणून मी ५ इंची पॅडप्लेटचं (पॅड चिकटवायची तबकडी), ८ किंवा १५ थ्रोचं मशीन निवडेन. ८ चं काम हळू, पण दारांच्या खाचाखोचांत ते हाताळायला सोपं. गिअरने जबरदस्तीने फिरवणारी मशीनंही असतात. ती थांबत नाहीत, पण उष्णता जास्त धरतात. पहिल्या मशीनसाठी ती नकोत.

नव्या मशीनच्या पॅडप्लेटच्या कडेला काळ्या मार्करने एक उभी रेघ मारून ठेवा. चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. एका जागी थरथरताना दिसली, तर हाताचा दाब कमी करा किंवा पॅड सपाट टेकवा. जोर वाढवून काही होत नाही. फिरणं थांबलं की घासणंही जवळजवळ थांबतं.

मशीन लावण्याआधी गाडी भरपूर पाण्याने धुवा, कारण खाऱ्या वाऱ्याने आणलेलं मीठ पाण्यात विरघळतं, जांभ्याचे कण मात्र विरघळत नाहीत, ते पाण्याने वाहूनच काढावे लागतात. पत्रा सावलीत थंड होऊ द्या. मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, पुसायच्या आत सुकून बसतं. मग फूट-दीड फुटाचा एकच तुकडा, मऊ फोमचं पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश घेऊन करून बघा. मामांच्या बॉनेटवर आम्ही तेवढंच केलं आणि टॉर्च तिरकी धरून पाहिलं. जाळं अर्धंअधिक विरलं होतं. दुसरी फेरी मारली नाही.