वरच्यांचं पाणी, खालच्यांची ओल: गळतीच्या जबाबदारीची पार्श्वभूमी

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत एखादा तरी फ्लॅट असा असतो, की बाथरूमच्या छताला ओल आलेली आहे, रंगाचे पोपडे पडताहेत आणि वरच्यांशी बोलणं बंद झालं आहे. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न तिथे वर्षानुवर्षं लोंबकळतो. शेजाऱ्यांचा हेकेखोरपणा त्याला थोडाच कारणीभूत असतो. खरं कारण कायदा आणि बांधकाम यांच्या इतिहासात आहे.

चाळीत हा तंटा या रूपात नव्हता. 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाच्या चाळींत खोलीच्या कोपऱ्यात मोरी असायची आणि संडास सामाईक. पाणी झिरपायचंच, पण अख्खी इमारत एका मालकाची असल्यामुळे तक्रार त्याच्याकडे जायची. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानेही दुरुस्तीचं बंधन घरमालकावरच ठेवलं. भाडी गोठली, मालकांनी हात आखडता घेतला आणि शेवटी 1969 मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. तरीही जबाबदार कोण, याबद्दल संदिग्धता नव्हती.

ती आली मालकीच्या फ्लॅटबरोबर. गावदेवीत 1915 साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. 1930 च्या दशकात दादर-शिवाजी पार्कच्या बाजूला स्वतंत्र न्हाणीघर-संडासाचे ब्लॉक सर्रास होऊ लागले. पुढे 1960 चा सहकारी संस्था कायदा, 1963 चा मोफा, म्हणजे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांना बांधणारा कायदा, आणि 1970 चा अपार्टमेंट मालकी कायदा आला. घर सभासदाचं, इमारतीचा सांगाडा सगळ्यांचा, अशी विभागणी रूढ झाली.

या विभागणीचा घोळ बाथरूमच्या जमिनीखाली आहे. अनेक इमारतींत तिथला स्लॅब थोडा खाली दाबून घेतात. त्या खोलगट जागेत ड्रेनेजचे पाइप आणि नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी पाइपात सोडणारं भांडं) बसवून विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा भरतात, वर लादी. म्हणजे वरच्यांचे पाइप खालच्यांच्या छतात असतात. लादी आणि पाइप वरच्यांचे, स्लॅब सोसायटीचा, प्लॅस्टर खालच्यांचं. कोब्यात मुरलेलं पाणी उताराकडे सरकतं आणि भलत्याच कोपऱ्यात फुटतं. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे इंग्रजी न्यायालयांतून आला. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या 1868 च्या निकालात तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं होतं. धोक्याची वस्तू जमिनीवर साठवणाऱ्याने ती निसटली तर, चूक असो वा नसो, भरपाई द्यावी, असं तिथे ठरलं. भारतात हा नियम जसाच्या तसा चालला नाही. दक्षिणेतल्या एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं, त्या खटल्यात 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्यातल्या अपिलांच्या लंडनमधल्या वरिष्ठ न्यायालयाने, त्याला हा नियम लावला नाही. सिंचनाचे तलाव राखणं ही इथली जुनी रीत आणि जमीनदाराचं कर्तव्यच आहे, असं कारण दिलं.

फ्लॅटवाल्यांसाठी त्याहून महत्त्वाचा निकाल 1913 चा, रिकर्ड्स विरुद्ध लोथियन. मेलबर्नमधल्या एका इमारतीत कोणीतरी मुद्दाम वरच्या मजल्यावरचं बेसिन तुंबवून नळ सोडला आणि खालच्या भाडेकरूचा माल भिजला. इमारतीत नळाचं पाणी असणं हा जागेचा नेहमीचाच वापर आहे, असं म्हणत प्रिव्ही कौन्सिलने मालकाला जबाबदार धरलं नाही. या विचाराचं ओझं आजही खालच्या मजल्यावर आहे. पाणी वरून आलं एवढं दाखवून भागत नाही; वरच्यांचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. ज्याचं घर भिजतंय त्यानेच दुसऱ्याच्या लादीखालचा पुरावा आणायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

आदर्श उपविधींनी, म्हणजे सहकारी सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनी, यातून थोडी वाट काढली. गच्चीतून किंवा छतातून झिरपणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने. घरातल्या संडास, सिंक वगैरेंची गळती सभासदाच्या खर्चाने. पूर्वसूचना देऊन सेक्रेटरी कमिटी सदस्यासह घर तपासू शकतात आणि सभासदाने काम टाळलं तर सोसायटी ते करून खर्च वसूल करू शकते. ही तरतूद खालच्यांच्या फार उपयोगाची आहे, पण दोन सभासदांच्या भांडणात आपण कशाला पडायचं, म्हणून कित्येक कमिट्या ती वापरतच नाहीत.

नव्या इमारतींत बिल्डरही जबाबदार असतो. मोफात दोष दाखवण्याची मुदत ताब्यानंतर तीन वर्षं होती. 2016 च्या रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने ती पाच वर्षं केली आणि कळवल्यापासून 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्ती बंधनकारक केली. पाच वर्षं उलटलेल्या इमारतीत मात्र प्लंबर किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी अहवाल, फोटो आणि कमिटीला दिलेल्या पत्राची पोच एवढ्यावरच खालच्यांचा दावा उभा राहतो.