जुन्या वाड्यातलं लाकडी पट्टीकाम (नाशिक)

पट्टीकाम म्हणजे घराच्या आत दार-खिडक्यांच्या चौकटींभोवती, भिंतीच्या पायाशी, जिन्याच्या कडेला आणि तक्तपोशी (फळ्यांचं छत) भिंतीला भिडते तिथे मारलेल्या लाकडी पट्ट्या. सुतार लोक साधी पट्टी, गोला, गलता, बीडिंग असं काहीबाही म्हणतात, आर्किटेक्ट मोल्डिंग म्हणतो, वस्तू तीच. शोभा तर आहेच पण तिचं खरं काम म्हणजे लाकूड आणि भिंत यांच्यातली फट झाकणं, कारण ही दोन्ही एकसारखी हलत नाहीत. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा ठणठणीत, लाकूड आकसतं, जुलैत तेच दार फुगून खांदा लावल्याशिवाय लागत नाही, आणि या ओढाताणीत चौकटीच्या कडेचा गिलावा तडकतो. पट्टी ते सगळं पोटात घेते.

नाशिकला हा विषय मुख्यतः जुन्या गावठाणातला, म्हणजे सराफ बाजार, तिवंधा, भद्रकाली, जुनी तांबट आळी आणि नदीपलीकडची पंचवटी. विटा, माती, चुना आणि सागाच्या खांब-तुळयांवर उभे असलेले हे वाडे, त्यात महिरप, कोनाडे, फडताळं, वर कडीपाट (तुळया आणि फळ्यांचं छत). पेशवेकालीन सरकारवाडा बघितला तर त्या काळचं सुतारकाम कसं होतं याचा अंदाज येतो. देवळाली कॅम्पातल्या ब्रिटिशकालीन बंगल्यांची गोष्ट थोडी वेगळी, तिथे भिंतीच्या पायाशी उंच लाकडी स्कर्टिंग आणि दारांभोवती रुंद पट्ट्या दिसतात, वाड्यात मात्र नक्षी बहुतेक चौकटीतच कोरलेली असते आणि वेगळी मारलेली पट्टी त्यामानाने साधी.

पट्टी खराब होते ती जवळपास नेहमी खालून. लाकडाचं कापलेलं टोक बाजूंपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतं आणि हे टोक थेट फरशीवर टेकलेलं असतं. त्यात गोदावरी. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ या पुरांत पाणी सराफ बाजाराच्या बाजूला घुसलं होतं, आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावरून पुराचा अंदाज घेणाऱ्या गावात खालची फूट-दोन फूट पट्टी दर काही वर्षांनी भिजणार हे धरूनच चालायला पाहिजे. पूर ओसरला की लगेच रंग मारायची घाई करतात लोक, ते चुकीचं आहे, ओलं लाकूड वरून बंद केलं की आतून कुजतं. खिडक्या उघड्या ठेवून आठवडे-महिने हळू वाळू द्यायचं, ऊन किंवा हीटर लावून जबरदस्तीने वाळवलं तर चिरा पडतात.

दुसरं मोठं कारण सिमेंट, याकडे कोणी बघत नाही. चुन्या-मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडतेही, तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल अडकते आणि वाट मिळेल तिथून निघते, बऱ्याचदा चौकटीच्या लाकडातून. मग मालक म्हणतो सुताराने लाकूड हलकं लावलं. भिंत तशीच ठेवून पट्टी कितीही वेळा बदला, दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच होणार. त्यामुळे पट्टीच्या आधी भिंतीची ओल, गळकं पन्हाळं, जमिनीतून चढणारा दमटपणा बघायचा आणि त्या भागाला परत चुन्याचाच गिलावा करायचा.

बदलायचं की ठेवायचं हे ठरवायला एक जुना स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. टोचून बघायचं, घट्ट लागला तर लाकूड जिवंत, भस्सकन आत गेला तर गेलं. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, भुंगा असेल तर बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा. पण खालचं वीतभर कुजलंय म्हणून सात फुटी पट्टी उपटून टाकणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा, सांधा आडवा सरळ न ठेवता तिरका घ्यायचा म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते आणि डोळ्यालाही खुपत नाही, खाली दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोकळं सोडायचं आणि कापलेल्या टोकाला तेल किंवा वॉर्निश नीट पाजायचं. आणि एक, चौकटीच्या वरचं जाड लाकूड जे वरच्या भिंतीचं वजन घेतं ते पट्टी नव्हे, त्याला इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नये.

लाकडात साग तो साग. जुन्या कामात गाभ्याचं लाकूड असायचं, त्यात नैसर्गिक तेल असतं म्हणून वाळवी सहसा लागत नाही, बाहेरचा पांढरट भाग मात्र सागाचाही किडतो आणि आज बाजारात तोच गळ्यात मारतात. वखारीत सीपी (जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) साग म्हणून मिळतो तो विदर्भाकडचा, बल्लारशाहचं नाव त्यात मोठं, शिवाय आयात केलेला साग येतो तो स्वस्त पडतो पण रंग-रेषा जुन्याशी जुळतीलच असं नाही. सगळ्यात चांगला माल म्हणजे पाडलेल्या वाड्याचा जुना साग, वर्षानुवर्षं वाळलेला, त्यामुळे पुढे वाकत-पिळत नाही. फक्त रंध्याखाली घालण्याआधी त्यावर चुंबक फिरवून मोडके खिळे शोधायचे, नाहीतर मशीनचं पातं गेलंच, आणि रंधून एक-दोन सूत जाणार हे धरून जाड तुकडा घ्यायचा. पावती मागायची, सागाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) तर जुन्या वाड्यात नकोच, पाणी लागलं की पावासारखं फुगतं. पीव्हीसी (प्लास्टिक) किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेली) पट्टी कुजत नाही हे खरं, मोरीजवळ एखादवेळी चालेल, पण कोरीव चौकटीशेजारी ती लगेच उघडी पडते.

नक्षी जुळवणं हे यातलं सगळ्यात किचकट. जुन्या पट्ट्या हाताच्या गलता-रंध्याने काढलेल्या, मापं इंचात आणि सुतात, आजची राउटरची (लाकडात नक्षी कापणाऱ्या मशीनची) पाती ठराविक साइझची, त्यामुळे दुकानातली तयार पट्टी जुन्याशेजारी लावली की लांबूनही कळते. जुन्या पट्टीचा छोटा तुकडा सरळ कापून त्याचा आडवा छेद पुठ्ठ्यावर गिरवायचा, तो सुताराला द्यायचा, सुतार तसा आकार दोन-तीन पाती मिळून काढतो किंवा हाताने. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून हे होत नाही. वाड्याचे कोपरे काटकोनात नसतात म्हणून नुसता ४५ चा कट मारला तर फट राहते, कोन प्रत्यक्ष घेऊन निम्मा करावा लागतो.

काढताना पट्टीला पटाशीने उचकटण्याआधी रंगाचा थर कडेने ब्लेडने कापायचा, खिळे पुढून ठोकून काढायचे नाहीत, मागून पकडीने ओढून घ्यायचे म्हणजे दर्शनी बाजू फुटत नाही. परत बसवताना पितळी स्क्रू, आधी भोक पाडून. ओलीत लोखंड आणि साग एकत्र आले की खिळ्याभोवती काळे डाग पडतात. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये, त्यात शिसं असण्याची शक्यता असते (घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही), ओल्या पॉलिशपेपरने, मास्क लावून आणि लहान मुलं लांब ठेवून करायचं.

खर्च कोणी करायचा हा वेगळाच घोळ, कारण एका वाड्याला चार हिस्सेदार आणि दोन जुने भाडेकरू असतात.

शेवटी पॉलिश. जुनं कसलं आहे ते कळायला कापसाला स्पिरिट लावून कोपऱ्यात घासायचं, चिकट झालं तर लाखेचं, आणि तसं असेल तर दुरुस्तीही लाखेनेच करावी, वरून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारू नये. नवा रंधलेला साग आधी हिरवट-पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो आणि सगळे घाबरून त्यावर गडद स्टेन मारतात. उजेडात काही आठवडे जाऊ दिले की तो आपोआप सोनेरी तपकिरी होतो, तेव्हाच शेड ठरवावी, आधी ठरवली तर वर्षभराने नवा तुकडा जुन्यापेक्षा काळा दिसतो.