मन आणि शरीर : मधली भिंत आली कुठून?

मुंबई-ठाण्याच्या बाजूला वाढलेल्या माणसाला ‘याला ठाण्याला पाठवायला हवं’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९०१ मध्ये ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झालं आणि तलावांच्या या शहराला ही दुसरी ओळख कायमची चिकटली. शरीराचं दुखणं असेल तर सिव्हिल हॉस्पिटल, मनाचं असेल तर उंच भिंतीआडचं ते दुसरं. ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असंच वाटतं. आता रुग्णालयाच्या काही जागेवर ठाणे आणि मुलुंड यांच्या मधलं नवं रेल्वे स्थानक होऊ घातलं आहे, त्यामुळे तिथल्या जमिनीची चर्चा पुष्कळ होते. त्या भिंतीमागच्या विचाराची मात्र होत नाही, आणि मला ती जास्त गरजेची वाटते.

आपल्याकडच्या दर्शनांनीही, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांनीही, रेषा ओढली होती, पण वेगळ्या ठिकाणी. सांख्यांनी विश्वाचे दोन भाग केले. जाणणारा तेवढा पुरुष, बाकी सगळी प्रकृती. आणि बुद्धी, अहंकार, मन ही तिन्ही प्रकृतीच्या बाजूला. म्हणजे राग, आठवण, विचार हे हाडामांसाच्याच कुळातले, फक्त अधिक सूक्ष्म. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला ‘क्षेत्र’ म्हटलं आहे आणि मन, इच्छा, द्वेष, सुख, दुःख हे सगळं त्या क्षेत्रातच मोजलं आहे. ज्ञानेश्वरीमुळे ही मांडणी मराठीत आली आणि वारकऱ्यांच्या तोंडी रुळली. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, मनाला इंद्रियच मानलं, तेही अणूएवढं. म्हणून तर एका क्षणी दोन गोष्टींचं ज्ञान होत नाही, असं ते म्हणत. चार्वाकांनी आत्माच वजा केला. धान्य आंबलं की त्यात मद येतो, तशी पृथ्वी, पाणी, तेज, वायू या भूतांच्या मिश्रणातून जाणीव येते, हे त्यांचं म्हणणं.

वैद्यांना मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबून चालणार नव्हतं. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत पहिल्याच अध्यायात मन, आत्मा आणि शरीर हे तीन दांड्यांच्या तिकाटण्यासारखे एकमेकांच्या आधाराने उभे आहेत, असं सांगितलं आहे. पुढे शारीरस्थान या भागात त्याहून थेट विधान येतं : शरीर मनाच्या मागे जातं आणि मन शरीराच्या. त्यामुळे उन्मादाच्या उपचारात औषधी तुपं आहेत, तसंच रुग्णाला धीर देणं, समजावणंही आहे. उन्मादाच्या त्याच अध्यायात रुग्णाला धाक घालण्याचे, घाबरवण्याचेही उपाय दिले आहेत. परंपरेचा अभिमान बाळगताना ती पानं गाळू नयेत.

आज आपण जी रेषा मानतो ती सतराव्या शतकातल्या युरोपात ठळक झाली. १६४१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने मांडलं की विचार करणारं द्रव्य वेगळं आणि जागा व्यापणारं द्रव्य वेगळं. शरीर हे यंत्र, मन त्याहून सर्वस्वी निराळं. या वाटणीमुळे शरीराचा अभ्यास मोकळेपणाने करता आला, हे मान्य करायला हवं. पण तिच्यातली अडचण दोनच वर्षांत एका चोवीस वर्षांच्या मुलीने नेमकी पकडली. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हेगमध्ये निर्वासिताचं आयुष्य जगत होती. मे १६४३ मध्ये तिने देकार्तला पत्र लिहून विचारलं : आत्म्याला जागा नाही, आकार नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तचं उत्तर तिला पटलं नाही. आत्माही जड आणि जागा व्यापणारा आहे असं मानणं मला त्यापेक्षा सोपं जाईल, असं तिने उलट कळवलं. आत्मा आणि शरीर यांची गाठ पडते ती जागा म्हणून त्याने पुढे १६४९ मध्ये मेंदूतल्या पिनियल ग्रंथीकडे बोट दाखवलं, पण त्यामुळे प्रश्नाची फक्त जागा बदलली.

हा पत्रव्यवहार मला तत्त्वज्ञानाच्या इतिहासातला सगळ्यात जिवंत भाग वाटतो. कारण १६४५ मध्ये एलिझाबेथ बारीक ताप आणि कोरड्या खोकल्याने आजारी होती, तेव्हा अशा तापाचं नेहमीचं कारण दुःख असतं, असं त्याच देकार्तने तिला लिहिलं. दोन द्रव्यं वेगळी करणारा माणूस मैत्रिणीच्या दुखण्यापुढे चरकाच्या वाक्यापाशी येऊन पोचला होता.

वेड्यांची इस्पितळं थेट देकार्तच्या विचारातून निघाली, असं म्हणणं चुकीचं ठरेल. एकोणिसाव्या शतकातले अनेक डॉक्टर वेड हा मेंदूचाच आजार मानत. वेगळेपणा आला तो कायद्यातून. १८५८ च्या कायद्याने रुग्णाला मॅजिस्ट्रेटच्या हुकमावर भरती करण्याची पद्धत घातली आणि १९१२ च्या कायद्याने ती पुढे चालवली. ताप आलेल्या माणसाला इस्पितळात जायला कोर्टाचा कागद लागत नव्हता, मनाने आजारी माणसाला तो लागत होता.

या भिंतीला खरा तडा गेला तो एका मुळीने. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब आणि वेड या दोन्हींवर उपयोगी असल्याचं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातलं रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. दोन वर्षांत अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते तीव्र मनोविकारांवर वापरल्याचं प्रसिद्ध झालं. मग रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही जण खिन्न, उदास होत असल्याच्या नोंदी येऊ लागल्या. त्या उदासीचं कारण खरंच ते औषध होतं का, यावर पुढे वाद झाले. पण नैराश्याचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध शोधायला या नोंदींनी मोठी चालना दिली. एकच मुळी नाडीवरही चालते आणि मनावरही, हे पाहिल्यावर दोन वेगळ्या इस्पितळांचं समर्थन करणं अवघड होतं.

याचा अर्थ मन म्हणजे निव्वळ रसायन असा मात्र होत नाही. मेंदूतल्या घडामोडींचा हिशेब लागला तरी दुःख आतून ‘जाणवतं’ का, हा प्रश्न उरतोच. १९९५ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी त्याला जाणिवेचा ‘कठीण प्रश्न’ म्हटलं. एलिझाबेथचा प्रश्नच इथे दुसऱ्या बाजूने समोर आला आहे.

ठाण्यात १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली, तेव्हा मनाच्या दुखण्यासाठी भिंतीबाहेरही एक दार उघडलं. कायद्याला त्याहून वेळ लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ ने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायचं बंधन घातलं आणि विमा कंपन्यांनाही तेच लागू केलं. पण आपल्या बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते रुग्णालयात भरती झाल्यावर. नैराश्य, चिंता यांचा उपचार बहुतांशी घरी राहूनच चालतो, आणि त्या गोळ्यांचा नि समुपदेशनाचा महिन्याचा खर्च घरातली माणसं अजून खिशातूनच भरतात.