बरं होईल का, आणि कशानं बरं होईल?

नैराश्याच्या उपचारात मशीन लर्निंग (जुन्या नोंदींवरून संगणकानं स्वतः शिकणं) आलं, आता ज्याला जो उपचार लागू पडेल तोच मिळणार, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचताना दोन प्रश्न वेगळे धरायला हवेत. हा माणूस बरा होईल का, हा एक. हा माणूस गोळीनं बरा होईल की समुपदेशनानं, हा दुसरा. पहिल्याला भाकीत म्हणू, दुसऱ्याला निवड. मथळ्यात बहुतेक वेळा निवड असते, आणि आत पाहावं तर काम भाकिताचं झालेलं असतं.

समजा, अंबाजोगाईच्या ओपीडीत कळंबकडचे साठीचे एक काका आले. सोबत मुलगा आहे. झोप नाही, जेवण जात नाही, "कशातच मन लागंना" म्हणतात, आणि हे दहा वर्षांपासून कमीजास्त चालूच आहे. त्यांच्यामागं परळीच्या एक ताई बसल्यात. वर्षभरात सासरे गेले, नवऱ्याचं दुकान बंद पडलं, त्यांची स्वतःची नोकरी सुटली. मशीननं काकांसाठी आकडे दिले: गोळीनं बरं होण्याची शक्यता 30 टक्के, समुपदेशनानं 29. ताईंसाठी गोळी 45, समुपदेशन 65. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.)

भाकीत सांगतं की काकांचं दुखणं चिवट आहे, त्यांना लवकर परत बोलवा, नजर ठेवा. हे कामाचंच आहे. पण कोणता उपचार द्यायचा, याबद्दल मशीनकडं काकांसाठी सांगण्यासारखं काहीच नाही. जो उपचार आज हाताशी आहे तो सुरू करावा. ताईंच्या दोन आकड्यांत मात्र 20 टक्क्यांचं अंतर आहे, आणि निवड म्हणजे हे अंतर. भारी काळ्या रानात सोयाबीनची दोन्ही वाणं चांगली येत असतील, तर रान भारी आहे एवढ्यावरून कोणतं वाण पेरायचं हे ठरत नाही, तसंच हे.

काका आणि ताई मी कल्पनेतून उभे केले, पण त्यांच्यातला फरक अभ्यासातून आलेला आहे. अमेरिकेत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत काहींना पॅरोक्सेटीन ही गोळी आणि काहींना विचारांवर काम करणारा बोलण्याचा उपचार दिला होता. जे फॉर्नियर, रॉबर्ट डीरुबीस आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्या माहितीतून दोन्ही प्रकारचे धागे वेगळे काढले. आजार जुनाट असला किंवा वय जास्त असलं तर दोन्ही उपचारांत सुधारणा कमी दिसली. हे झालं भाकीत. विवाहित असणं, बेरोजगार असणं आणि अलीकडं आयुष्यात जास्त उलथापालथ झालेली असणं, या तीन गोष्टी असल्या तर गोळीपेक्षा बोलण्याचा उपचार जास्त लागू पडला. ही निवड. पुढं 2014 मध्ये त्याच चाचणीतल्या 154 जणांसाठी डीरुबीस यांच्या गटानं प्रत्येकाचे असे दोन आकडे काढले. गणितानं सुचवलेला उपचार ज्यांना योगायोगानं मिळाला होता, त्यांची सुधारणा इतरांपेक्षा चांगली होती. संख्या लहान आहे, पण प्रश्न नेमका विचारलेला आहे.

आता दुसरं उदाहरण, ज्याचा गवगवा जास्त झाला. अमेरिकेतच 2001 साली सुरू झालेल्या स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासात सुमारे 4,000 रुग्ण होते आणि पहिल्या टप्प्यात सगळ्यांना एकच गोळी दिली होती, सिटॅलोप्राम. अ‍ॅडम चेकरूड आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये त्यावर मशीन शिकवलं. रुग्णाला विचारता येतील अशा 25 मुद्द्यांवरून ते या गोळीनं कोण बरं होईल हे सुमारे 65 टक्के अचूक सांगत होतं. दुसऱ्या अभ्यासातल्या एस्सिटॅलोप्रामच्या रुग्णांवर अचूकता 60 टक्क्यांच्या आसपास आली. काम प्रामाणिक आहे. पण सगळ्यांना एकच गोळी मिळाली असेल, तर ज्याला ती लागू पडली नाही त्याला काय लागू पडलं असतं, हे त्या माहितीत कुठून येणार?

इथं खरी मेख आहे. भाकीत जुन्या नोंदींवरून शिकता येतं. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनी घरोघरी जाऊन भरलेले फॉर्म, ओपीडीचं रजिस्टर, पीएचक्यू-9 (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची यादी) चे गुण, एवढ्यावर बऱ्यापैकी भाकीत उभं राहू शकतं. निवड तशी शिकता येत नाही. आपल्याकडं समुपदेशन कुणाला मिळतं? जो छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरला राहतो, दर आठवड्याला येऊ शकतो, ज्याच्या घरचे साथ देतात त्याला. तालुक्याच्या गावावरून एसटीनं येणाऱ्याला महिन्याच्या गोळ्या मिळतात. हे रजिस्टर मशीनला दिलं तर ते शिकेल की समुपदेशन सरस. प्रत्यक्षात सरस असेल ते शहराजवळ राहणं, हातात पैसा असणं, घरच्यांचा आधार असणं. उपचार आणि परिस्थिती यांची गाठ सोडवायची तर कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकूनच ठरवावं लागतं. म्हणून कुणी निवडीचं मशीन दाखवायला आलं, तर अचूकता किती हे विचारण्याआधी मी विचारीन की शिकवताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या का.

असं काम आपल्या शेजारी सुरू झालं आहे. मध्य प्रदेशात, भोपाळमधल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑप्टिमाइझ-डी या अभ्यासात रुग्णांना चिठ्ठीनं फ्लुओक्सेटीन ही गोळी किंवा हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम हे समुपदेशन देऊन, कुणाला काय लागू पडतं याचे नियम मशीन लर्निंगनं शोधायचे आहेत. त्यातलं समुपदेशन तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते करतात. मला यातून फार आशा वाटते, कारण दोन्ही उपचार आपल्या आरोग्य केंद्रांना झेपण्यासारखे आहेत.

पण तिथला नियम उचलून बीडला लावता येईल असं धरून चालू नये. स्किझोफ्रेनियाच्या चाचण्यांवर चेकरूड यांच्याच गटानं 2024 मध्ये दाखवलं की एका चाचणीत अचूक ठरलेलं मशीन दुसऱ्या चाचणीच्या रुग्णांवर जवळजवळ अंदाजपंचे चालतं. शिवाय प्रश्न तेच असले तरी उत्तरं तीच राहत नाहीत. 'बेरोजगार' या रकान्यात केजचा ऊसतोड कामगार कसा बसवायचा? दिवाळीनंतर पाच-सहा महिने तो बायकोसह पहाटेपासून फडात असतो, उरलेल्या वर्षात मिळेल ते काम करतो, अंगावर मुकादमाची उचल असते. आणि तो ऑक्टोबरमध्ये गोळी सुरू करून कारखान्यावर गेला, तर गोळीचा परिणाम दिसायचे पहिले चार-सहा आठवडे रजिस्टरमध्ये कोरेच राहतात. मशीन मग फक्त गावात राहिलेल्यांवर शिकतं. मराठवाड्यात हे काम करायचं ठरलं, तर पहिला खर्च या लोकांना फडावर फोन लावून पीएचक्यू-9 विचारणाऱ्या माणसांवर करावा लागेल.