अडीचशे मीटर फितीवरची ५२ किलोमीटर चित्रं

तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये, म्हणजे दुकानात ‘ई-१८०’ म्हणून मिळायची तिच्यात, अडीचशे मीटरहून थोडी जास्त फीत असते. रुंदी अर्धा इंच, जाडी मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकी. लग्नाच्या, मुंजीच्या अशा कॅसेटी अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहेत. त्या वाचवायच्या तर फितीवर चित्र कसं लिहिलेलं असतं ते आधी कळायला हवं. बिघाडाची बहुतेक लक्षणं तिथूनच उलगडतात.

गाण्याच्या कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते आणि आवाजाला तेवढं पुरतं. चित्राचा संकेत मात्र सेकंदाला लाखो वेळा बदलतो. तो टिपायचा तर फीत हेडवरून, म्हणजे संकेत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकीय भागावरून, जवळपास शंभर पट वेगाने, सेकंदाला ४.८५ मीटरने, जायला हवी. तीन तासांसाठी ५२ किलोमीटर फीत लागली असती! १९७६ साली जपानात जेव्हीसीने आणलेल्या व्हीएचएसमध्ये, आणि वर्षभर आधी आलेल्या सोनीच्या बीटामॅक्समध्येही, यावर एकच उपाय होता: फीत सावकाश सरकू द्यायची आणि हेडच फिरवायचं.

व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात, ६२ मिलिमीटर व्यासाचा, किंचित कललेला चकचकीत ड्रम असतो. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत तो सेकंदाला २५ फेरे मारतो. त्याच्यावर समोरासमोर दोन हेड असतात. ड्रमला अर्धा वेढा घालून फीत सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते, आणि प्रत्येक हेड तिच्यावर तिरकी रेघ ओढतं. एक रेघ म्हणजे पडद्यावरचं अर्धं चित्र. रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, केसाहूनही बारीक. दोन रेघांमध्ये मोकळी जागाच सोडलेली नाही. शेजारच्या रेघेतलं चित्र मिसळू नये म्हणून एका हेडची फट, जिथून संकेत फितीवर उतरतो ती, सहा अंश डावीकडे आणि दुसऱ्याची सहा अंश उजवीकडे झुकवलेली असते. प्रत्येक हेडला आपल्याच कलाची रेघ नीट वाचता येते. ही युक्ती इतकी देखणी आहे की तिच्यासाठी तरी एखादा बंद व्हीसीआर उघडून पाहावा.

फितीच्या वरच्या कडेला आवाज असतो. खालच्या कडेला ठरावीक अंतरावर ठोके नोंदलेले असतात आणि त्यांच्यावरून यंत्राला रेघ कुठे सुरू होते ते समजतं. म्हणून चित्र ठीक पण आवाज खरखरतोय, तर वरची कड दुमडलेली असते. चित्र सारखं उड्या मारतंय, तर खालची. मुंग्यांचा आडवा पट्टा दिसला तर हेड रेघेवरून घसरतंय. ट्रॅकिंगचं बटण फिरवून पाहावं. सगळ्या पडद्यावर मुंग्या आणि आवाज मात्र स्वच्छ, तर बहुधा हेड मळलेलं असतं.

हेड साफ करताना सर्वांत जास्त नुकसान होतं. यंत्र बंद करून वायर काढावी. साधा कोरा कागद ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून ड्रमवर हलका टेकवावा आणि ड्रमचा वरचा भाग हाताने हळूहळू फिरवावा. कागद जागचा हलवायचा नाही. वरखाली घासलं की फेराइटचं हेड तुटतं. कापसाचे बोळे वापरू नयेत, त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात.

कोकणात, मुंबईत, गोव्यात खरी शत्रू बुरशी. फीत प्लॅस्टिकची, पण तिच्यावरचे चुंबकीय कण धरून ठेवणाऱ्या थरावर बुरशी दमट हवेत सहज वाढते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नये. बीजाणू ड्रमला चिकटतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. अशी कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत आठ-दहा दिवस ठेवावी. उन्हात नको, फीत आकसते. वाळली की बुरशी कोरडी होऊन झडते. मग मास्क लावून, खालचे पाच स्क्रू काढून, दोन्ही चकत्या बाहेर घ्याव्यात आणि मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्यातून पूर्ण फीत एका चकतीवरून दुसरीवर हाताने ओढावी. वेळखाऊ काम आहे, पण घाई केली की फीत चुरगळते, आणि चुरगळलेली जागा पुन्हा सपाट होत नाही. चार तासांच्या ‘ई-२४०’ची फीत आणखी पातळ असते, तिला जास्तच जपावं.

कॅसेट चालवण्याआधी मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडावी, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. मग एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी. वर्षानुवर्षं एकाच ताणात राहिलेली फीत त्याने सैल होते.

संगणकावर उतरवताना ७२० × ५७६ हाच आकार ठेवावा. डीव्ही या डिजिटल पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. जुन्या फितीचा ताण कमीजास्त असल्याने चित्राच्या प्रत्येक ओळीची वेळ थोडी चुकते. उभ्या रेषा थरथरतात, आणि स्वस्त यूएसबी जोडणी गोंधळून मधली चित्रं गाळते. मग आवाज हळूहळू पुढेमागे होत जातो. टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळींची ही चुकलेली वेळ सुधारणारी सोय, असलेला चांगला एस-व्हीएचएस (व्हीएचएसच्या सुधारित पद्धतीचा) डेक मिळाला तर हा त्रास बराच कमी होतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटींचं वेगळं. त्या एनटीएससी पद्धतीच्या, ६२५ऐवजी ५२५ ओळींच्या. निव्वळ पाल व्हीसीआरवर चित्र गडगडतं किंवा रंगच उडतात. फीत खराब झाली असं समजून ती टाकू नये. दोन्ही पद्धती वाचणारं यंत्र शोधावं. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा मिळेल ते यंत्र जुनंच असणार. त्यात आधी बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून पाहावी, आणि ती नीट बाहेर आली तरच लग्नाची घालावी.