विमान जुनं दिसायला हवं? आधी ते चकचकीत करा

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच मॉडेलवाल्यांनी, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटी विमानं बनवणाऱ्या छंदिष्टांनी, कपाटात पडून असलेली मिगची किटं बाहेर काढली. साहजिक आहे. १९६३ पासून हे विमान आपल्याकडे होतं आणि नाशिकजवळ ओझरला एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) यातली शेकडो विमानं बांधली. मॉडेल झालं की पुढची फर्माईश ठरलेली असते: ‘वापरलेलं दिसायला हवं.’ मग नवखा माणूस काळा-तपकिरी रंग पातळ करतो आणि मॅट, म्हणजे बिनचमकेच्या, रंगाच्या पंखावर फासतो. दुसऱ्या दिवशी पंखावर डागच डाग. जुनेपण राहिलं बाजूला, विमान गॅरेजमध्ये लोळल्यासारखं दिसतं.

मुरलेले मॉडेलवाले याच्या उलट करतात. ते रंगावर आधी चकचकीत ग्लॉस वार्निशचा हात देतात आणि मगच ‘वॉश’, म्हणजे खूप पातळ केलेला गडद रंग, लावतात. असं का, हा या छंदातला मला सगळ्यात आवडणारा प्रश्न.

मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, १:७२ मापात, म्हणजे ७२ पट लहान मॉडेलवर, तो जेमतेम १० सेंटिमीटर. पत्रे जिथे जुळतात तिथल्या रेषा, म्हणजे पॅनल लाइन, किटमध्ये खाचेच्या रूपात कोरलेल्या असतात. खाच ०.२ मिलिमीटर रुंद धरली तर खऱ्या विमानावर ती १४ मिलिमीटरची फट होईल. एवढी फट ठेवून कुणी विमान उडवणार नाही! तेव्हा वॉश ही नक्कल नसून ठरवून केलेली अतिशयोक्ती आहे, हे आधीच कबूल करू.

वॉशमध्ये बुडवलेलं ब्रशचं टोक खाचेला नुसतं टेकवायचं. रंग आपणहून रेषेतून धावत सुटतो, पंख उभा धरला तरी वर चढतो. पणतीतल्या वातीतून तेल चढतं तेच हे केशाकर्षण. दोनेक मिलिमीटरहून लहान मापात गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाची सत्ता चालते. पण प्रत्येक द्रव प्रत्येक खाचेत शिरत नाही. त्याचा नियम पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन या गणितज्ञांनी १९६९ मध्ये मांडला. द्रवाचा थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो तो स्पर्शकोन. स्पर्शकोन आणि ‘व्ही’ आकाराच्या खाचेचा निम्मा कोन यांची बेरीज ९० अंशांपेक्षा कमी भरली, तर द्रव कोपरा धरून पुढे सरकत राहतो. खाच ९० अंशांत उघडलेली असेल तर स्पर्शकोन ४५ च्या आत हवा. अॅक्रिलिकवर पाण्याचा स्पर्शकोन ७० अंशांच्या आसपास, म्हणून निव्वळ पाण्यातला रंग खाचेवर थेंब होऊन बसून राहतो. टर्पेंटाइनचा अगदी कमी, त्यामुळे ते धावतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की तेही बरंच ताळ्यावर येतं. याच नियमाच्या जोरावर डॉन पेटिट या अंतराळवीराने २००८ मध्ये अंतराळ स्थानकात टोकदार कोपऱ्याच्या कपातून कॉफी प्यायली.

आता मॅट रंगाकडे या. मॅट म्हणजे सूक्ष्म खडबडीत. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तो सगळा पंख खाचाच खाचा! नियम त्यांनाही लागू, म्हणून वॉश चहूकडे पसरतो आणि पुसूनही निघत नाही. ग्लॉस वार्निश या बारीक खाचा बुजवतं. मग द्रवाला जायला एकच वाट उरते: तुमची पॅनल लाइन. बाहेर सांडलेलं टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेल्या इअरबडने पुसायचं, पंखाच्या पुढच्या कडेकडून मागे, हवा वाहते त्या दिशेने. (वार्निश अॅक्रिलिकचं आणि पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर टर्पेंटाइन तेही उचलतं.)

‘खास फॉर्म्युला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांतही मुळात रंगद्रव्य, थोडं बंधक (रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भाग) आणि टर्पेंटाइनसारखा द्रावकच असतो. सोय म्हणून घ्या, चमत्कार म्हणून नको.

शेवटी मॅट वार्निश. वार्निशच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड रंगापर्यंत न पोचताच परततो. गुळगुळीत थरावरून तो एकाच दिशेला जातो. खडबडीत थरावरून सगळीकडे विखुरतो, रंगात पांढरट झाक मिसळतो आणि रंग फिका दिसतो. खऱ्या विमानावरही हेच घडतं: अतिनील किरणांनी रंगातलं बंधक तुटतं, रंगद्रव्याची भुकटी उघडी पडते, पृष्ठभाग खडबडीत होतो.

राहिला ‘स्केल इफेक्ट’. मॉडेल लहान, म्हणजे विमान दूर. मधली हवा रंग फिका करते, म्हणून रंगात १०-१५ टक्के पांढरा मिसळा, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. हिशेब करू. अर्ध्या मीटरवरून पाहिलेलं १:७२ मॉडेल म्हणजे ३६ मीटरवरचं विमान. दृश्यमानता २० किलोमीटर असेल तर एवढ्या हवेत रंगांमधला उठाव एक टक्कासुद्धा घटत नाही. मॉडेलचा रंग खऱ्या विमानापेक्षा मंद दिसतो तो मुख्यतः उजेडामुळे: बाहेर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास, घरात तीन-चारशे. तेव्हा पांढरा किती घालायचा हे शोकेसच्याच दिव्याखाली, प्लास्टिकच्या तुकड्यावर रंग लावून ठरवावं.